अकरावीचा इंग्रजीचा तास : नागपुरात दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या संपता संपता पावसाळा अर्धा सरतो. मग एकदाचा वर्ग भरतो आणि पहिल्या आठवड्यात तेच प्रश्न येतात. काही वर्गात हात वर करून येतात, पण खरे प्रश्न तास संपल्यावर दाराशी, हळू आवाजात विचारले जातात. इथे दोन्ही आहेत. पालकांनी विचारलेले दोन-तीन प्रश्नही घातलेत.

इंग्रजी घ्यावंच लागतं का? सोडता येत नाही?

नाही सोडता येत. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत कला, वाणिज्य, विज्ञान कुठेही जा, इंग्रजी सक्तीचं आहे. दुसऱ्या भाषेच्या जागी काही जण आयटी घेतात, बायफोकलवाल्यांची (म्हणजे व्यावसायिक विषय घेणाऱ्यांची) दुसरी भाषा सुटते. इंग्रजी मात्र कुणाचंच सुटत नाही.

मी मराठी माध्यमातून आलो. कॉन्व्हेंटची मुलं पुढे असतील ना?

दाराशी विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

दहावीपर्यंत तुमची पुस्तकंच वेगळी होती. इंग्रजी माध्यमाची मुलं कुमारभारती शिकत होती, तुम्ही कोर्सबुक. अकरावीत पहिल्यांदा दोघांच्या हाती एकच पुस्तक येतं, युवकभारती. पेपरही एकच. म्हणजे भीती अगदीच खोटी नाही. सुरुवातीचे दोन महिने तुम्हाला जड जातात. धडे लांब असतात, एका पानावर पंधरा-वीस शब्द अडतात आणि शेजारचा मात्र पान उलटून पुढे गेलेला असतो.

पण तो पान उलटून गेला म्हणजे त्याला सगळं समजलं, असं समजू नका. माझ्या अनुभवात इंग्रजी माध्यमाच्या मुलांची अडचण वेगळी असते. त्यांना बोलण्याची सवय असते, म्हणून ती उतारा नीट न वाचताच उत्तर लिहितात. मराठी माध्यमाची मुलं घाबरून का होईना, ओळ न् ओळ वाचतात. कृतिपत्रिकेत, म्हणजे आपल्या प्रश्नपत्रिकेत, उताऱ्यावरचं उत्तर उताऱ्यातच शोधायचं असतं, त्यामुळे सहामाहीला उलटफेर दिसतात. दरवर्षी दोन-चार तरी.

शिवाय राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तुम्ही दहा वर्षं इंग्रजी वाचलेलं आहे. शून्यातून सुरुवात करणारं वर्गात कुणी नसतं.

मॅडम पूर्ण तास इंग्रजीतच बोलतात का?

शिक्षकागणिक फरक पडतो. मी इंग्रजीत सुरू करते, चेहरे कोरे दिसले की मराठीत येते आणि पुन्हा इंग्रजीत जाते. वर्गात हिंदी बोलणारी मुलंही बरीच असतात, म्हणून मध्येच हिंदीही येते. नागपूरच्या वर्गात तीन भाषा चालणं काही नवीन नाही. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी-मराठी इथे तेव्हापासूनच एका ताटात जेवतात.

समजलं नाही तर तिथेच विचारा. "मॅडम, हे मराठीत सांगा ना" म्हटल्यावर माझ्या तासाला तरी कुणाचे गुण कापले गेलेले नाहीत.

पुस्तकात असतं काय?

२०१९ मध्ये आलेल्या युवकभारतीचे चार भाग आहेत: गद्य, पद्य, लेखनकौशल्य आणि नाटक. बारावीत नाटकाच्या जागी कादंबरी येते.

गद्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लोकशाहीवरचा धडा आहे. दीक्षाभूमीच्या शहरात तो शिकवताना वर्ग वेगळाच शांत असतो. मुलांना माणूस माहीत असतो, वाक्यं अवघड जातात. बाबासाहेबांच्या इंग्रजी वाक्यात एका विचाराला दुसरा जोडलेला असतो आणि तिसरा त्यांच्या पोटात असतो. अशा वाक्याचं क्रियापद आधी शोधायचं आणि मग कर्ता. ही एक सवय लागली की निम्मं गद्य सुटतं.

नाटकाच्या भागात शेक्सपिअर आहे, इब्सेनही आहे. शेक्सपिअर म्हटलं की मुलांचे चेहरे उतरतात. पण आमच्या वर्गात गडचिरोली-चंद्रपूरकडून येऊन होस्टेलवर राहणारी मुलं असतात, त्यांनी झाडीपट्टीची, म्हणजे तिकडच्या गावोगावी होणारी नाटकं रात्र रात्र जागून बघितलेली असतात. पात्र कधी प्रेक्षकांकडे वळून बोलतं, विनोदी सोंग कधी शिरतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. वडसा भागातल्या एका मुलाने माझ्या तासाला शेक्सपिअरचा प्रवेश आधी झाडीबोलीत करून दाखवला आणि मग इंग्रजीत वाचला. तो उतारा त्या वर्षी कुणालाच पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, जरूर घ्या, पण पाठ्यपुस्तक बदललेलं नाही ना, हे कॉलेजात विचारून मगच. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकाची पीडीएफ फुकट असते.

पेपर कसा असतो?

वार्षिक परीक्षेला ८० गुणांची लेखी कृतिपत्रिका, वेळ ३ तास, आणि २० गुणांची तोंडी. दोन घटक चाचण्या २५-२५ गुणांच्या आणि सहामाही ५० ची. सगळं मिळून २०० होतात, त्याची सरासरी १०० वर काढतात. उत्तीर्ण व्हायला ३५. अकरावीचा पेपर कॉलेजच काढतं आणि कॉलेजच तपासतं, मंडळाचा पेपर बारावीला. म्हणूनच "अकरावी काय, आराम!" असं वरच्या वर्गातली मुलं सांगतात. त्यांचं ऐकू नका. बारावीचा साचा हाच आहे आणि तेव्हा तो शिकायला वेळ मिळत नाही.

गाईड घ्यावं का?

घ्यायचं तर घ्या, शब्दार्थांना बरं पडतं. पण उत्तरं पाठ करू नका. का, ते माझ्याच फजितीतून सांगते.

मी अकरावीत होते तेव्हा आमच्या सगळ्या वर्गाकडे एकच गाईड होतं. एका कवितेच्या रसग्रहणात कवीला 'ग्रेट मॅन' म्हटलं होतं, पण छपाईत स्पेलिंग चुकलं होतं. जी-आर-ई-ए-टी ऐवजी जी-आर-ए-टी-ई. आम्ही डोळे मिटून ते पाठ केलं. सहामाहीचे पेपर वाटताना सरांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुमच्या घरी खोबरं कशावर किसता?" आम्हाला काही कळेना. सर म्हणाले, "या शब्दाचा अर्थ किसणे. वर्गातल्या ३१ मुलांच्या मते हा कवी किसणारा माणूस आहे." ३१ व्या पेपरवर माझं नाव होतं.

हसू आलं, पण लागलंही. पेपर तपासणाऱ्याला पाठ केलेलं उत्तर पहिल्या ओळीतच ओळखू येतं, हे आता टेबलाच्या या बाजूला बसल्यावर कळतं. शंभर पेपरांत तोच परिच्छेद वाचून वाचून डोळे जड होतात आणि एखाद्याने "ही कविता वाचून मला आमच्या अंगणातलं कडुनिंब आठवलं" असं मोडक्या इंग्रजीत लिहिलेलं दिसलं की माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो. व्याकरणाचे गुण जातात त्याचे, जाऊ द्या. मजकुराचे मिळतात.

आमच्या नागपुरी बोलण्यामुळे इंग्रजी बिघडतं का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त आवडतो, कारण याचं उत्तर लोक उलटं समजतात.

'काय करून राहिला बे?' हे वाक्य घ्या. पुण्याकडची माणसं त्याला हसतात. पण इंग्रजी शिकवताना हे वाक्य सोन्यासारखं आहे. 'मी जातो' आणि 'मी जाऊन राहिलो' हा फरक नागपूरचं शेंबडं पोरही चुकत नाही. जातो म्हणजे रोजचं, जाऊन राहिलो म्हणजे आत्ता. 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' यांत फरक तोच आहे, तसाच्या तसा. व्याकरणाच्या पुस्तकात 'मी जात आहे' लिहिलेलं असतं. असं नागपुरात बोलतं कोण? त्यामुळे पुस्तकातला चालू वर्तमानकाळ आणि आपल्या तोंडातलं 'राहिलो' हे एकच आहेत, हे मुलांना दहावीपर्यंत कुणी सांगितलेलं नसतं.

मग चूक कुठे होते? मुलं लिहितात, 'आय ॲम गोइंग टू कॉलेज डेली.' त्यांना विचारा, "रोज कॉलेजला जाऊन राहिलो म्हणशील का?" ती हसतात. "नाही मॅडम, रोज जातो." मग 'आय गो टू कॉलेज एव्हरी डे'. लिहिण्याआधी वाक्य मनात नागपुरीत म्हणून बघा आणि 'राहिलो' बसत नसेल तर 'आयएनजी' लावू नका.

ही युक्ती एका ठिकाणी दगा देते. आपण 'समजून राहिलं का?', 'दिसून राहिलं' असंही म्हणतो. इंग्रजीत समजणे, माहीत असणे, जवळ असणे, आवडणे या क्रियापदांना सहसा 'आयएनजी' चालत नाही. 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' आणि 'आय ॲम हॅविंग अ बाईक' या दोन चुका माझ्या लाल पेनाची निम्मी शाई खातात.

दुसरी नेहमीची चूक, 'आय डिड नॉट वेंट'. मराठीत 'मी गेलो नाही' म्हणताना भूतकाळ 'गेलो' वर बसतो, म्हणून हात आपोआप 'वेंट' कडे जातो. पण मराठीतच 'मी जात नव्हतो' हेही वाक्य आहे. तिथे काळ नकारावर जाऊन बसलाय आणि 'जात' मोकळं आहे. 'डिड नॉट गो' तसंच. 'डिड' ने भूतकाळाचं ओझं उचललं, मग 'गो' ने पुन्हा कशाला उचलायचं?

तिसरी, 'व्हॉट यू आर डूइंग?' मराठीत प्रश्न विचारताना शब्दांची जागा हलत नाही, नुसता 'काय' घातला की झालं. इंग्रजीत कर्ता आणि सहायक क्रियापद जागा बदलतात. याला युक्ती नाही, सवयच लावावी लागते.

'अ', 'ॲन', 'द' बद्दल विचारू नका. मराठीत ती भानगडच नाही, त्यामुळे ती वाचून वाचूनच कानात बसतात. माझी अजूनही कधी कधी चुकतात.

उच्चार चुकले तर मुलं हसतात.

हसतात, खरं आहे. पहिला महिना. 'इस्टेशन', 'इस्कूल' म्हणणारे नागपुरात काही कमी नाहीत आणि हसणाऱ्याच्या घरीही कुणीतरी तसंच म्हणत असतं. शब्दाच्या सुरुवातीला 'स' ला 'ट' किंवा 'क' जोडून आला की जिभेला आधीचा 'इ' टेकू म्हणून लागतो, एवढंच त्याचं कारण आहे. 'सssटेशन' असं 'स' लांबवून दहा वेळा म्हणा, टेकू गळून पडतो.

कवितेचं रसग्रहण इंग्रजीत कसं लिहायचं?

मराठीत लिहिलंत तसंच. उपमा, रूपक, अनुप्रास, चेतनगुणोक्ती तुम्ही मराठीच्या तासाला शिकलात, त्यांनाच इथे सिमिली, मेटाफर, ॲलिटरेशन, पर्सॉनिफिकेशन म्हणतात. नावं तेवढी नव्याने शिका. कवितेचा विषय, कवीने तो कसा मांडला, एखादा अलंकार ओळीसकट आणि तुम्हाला काय वाटलं, एवढं पुरतं. 'काय वाटलं' ही ओळ गाईडमध्ये नसते, म्हणून ती मुलं गाळतात. तीच गाळू नका.

लेखनकौशल्यात काय लिहायला सांगतात? विषयच सुचत नाहीत.

ई-मेल, चित्रपटाचं परीक्षण, कल्पनाविस्तार असं बरंच काही. विषय सुचत नाहीत हे मला पटत नाही, विषय पायाशी पडलेले असतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. त्यानंतरच्या तासाला मी दरवर्षी तीवर दहा ओळी लिहायला सांगते. पहिल्या खेपेला ८० पैकी बहुतेक वह्यांत एकच ओळ असते, 'मारबत इज अ व्हेरी फेमस फेस्टिव्हल ऑफ नागपूर.' पुढचंही तसंच, वर्तमानपत्रातून उचललेलं.

एकदा महाल भागातल्या एका मुलीला म्हटलं, "हे सगळं खोड. तू उभी कुठे होतीस?" ती म्हणाली, गच्चीवर. "शेजारी कोण होतं?" आजी. "आजी काय करत होती?" मुलगी जरा थांबली. म्हणाली, आजी गुडघ्याला हात लावून ओरडत होती, 'घेऊन जा गे मारबत!' गुडघेदुखी घेऊन जा म्हणून. मी म्हटलं, हेच लिही. तिने लिहिलं ते साधारण असं: 'माय ग्रँडमदर हेल्ड हर नी अँड शाउटेड, टेक इट अवे, मारबत!' साधे शब्द, सहावीतल्या पोराला येतील असे. पण पिवळी मारबत, बडग्ये (टीकेचे पुतळे), ढोल-ताशे, गर्दी हे सगळं त्या एका गुडघ्याभोवती आपोआप जमा झालं. 'मारबत' ला इंग्रजी शब्द शोधायची गरजही पडली नाही. तो तसाच ठेवायचा आणि एका ओळीत समजावून सांगायचा.

मोबाइलवर मराठीतून भाषांतर करून लिहिलं तर?

एखाद्या शब्दाचा अर्थ बघायला हरकत नाही. अख्खं उत्तर नको. वर्गात गंमत म्हणून करून बघा. 'माझ्या पोटात गोळा आला' याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं की पोटात चेंडू येतो. आजकालची ॲप अशा वाक्यात पूर्वीइतकी फसत नाहीत हे मान्य, पण परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाइल बाहेर ठेवावा लागतो आणि तीन तास तुमच्याजवळ तुमचीच वाक्यं असतात.

(पालक) इंग्रजीची शिकवणी लावू का?

फिजिक्स-मॅथ्सच्या क्लासपायी मुलं आधीच सकाळी सहाला घर सोडतात. त्यात इंग्रजीची भर घालावी असं मला वाटत नाही. वर्गात बसलं आणि घरी रोज अर्धा तास वाचलं तर पुरतं. अडचण वर्गात बसण्याचीच आहे. काही ठिकाणी प्रवेश कॉलेजात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, असा प्रकार चालतो. तिथे सगळ्यांत आधी इंग्रजीचा तास बुडतो, कारण 'इंग्रजीत काय, पास होतंच'. बारावीच्या डिसेंबरात हेच पालक भेटायला येतात, तेव्हा त्यांना काय सांगावं हे मला सुचत नाही.

(पालक) आम्हाला इंग्रजी येत नाही. घरी मदत कशी करायची?

दादा, ताई, एवढंच करा. मुलाला आज वाचलेला धडा मराठीत सांगायला लावा. मधेच अडलं तर "मग पुढे काय झालं?" विचारा. जिथे त्याला सांगता येत नाही, तिथे त्याला समजलेलं नसतं. ते त्यालाही कळतं.

तोंडी परीक्षेत काय विचारतात?

वाचून दाखवणं, ऐकून उत्तर देणं, एखाद्या विषयावर दोन-तीन मिनिटं बोलणं, असा प्रकार असतो. २० गुण आहेत आणि ते मिळवायला सोपे आहेत. एकच सांगते, 'माय हॉबी इज रीडिंग' म्हणू नका. मग मी विचारते, काय वाचलं, आणि शांतता पसरते. तर्री पोहे कसे करतात ते सांगा. कांदा, रस्सा, वरून चणे. क्रिया ओळीने येतात, शब्द ओळखीचे असतात आणि ऐकताना परीक्षकालाही भूक लागते.

वर्षभरात इंग्रजी बोलता येईल का?

वर्गातल्या तासाने नाही. हिशेब करा. तास ४० मिनिटांचा, मुलं ८०. मी एक शब्दही बोलले नाही तरी एकेकाच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं. वाचणं आणि लिहिणं इथे सुधारतं, बोलणं बाहेर करावं लागतं. आमच्याकडच्या तीन मुली खापरीकडून मेट्रोने येतात. बर्डी येईपर्यंत फक्त इंग्रजीत बोलायचं असं त्यांनी ठरवलं. पहिले आठ दिवस त्या नुसत्या हसत आल्या. दिवाळीनंतर भांडायला लागल्या, इंग्रजीत.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

पाठ्यपुस्तक, नसेल तर त्या दिवसापुरतं शेजाऱ्याचं चालेल. २०० पानी वही. ती मागूनही उघडायची, तिथे रोजचे पाच अडलेले शब्द लिहायचे, अर्थ मराठीत. पेन निळा. लाल माझ्याजवळ आहे.

आणि पाण्याची बाटली. पावसाने दडी मारली की दुपारचा तास उकाड्यात जातो आणि आमच्या वर्गातला मागचा पंखा अजून दुरुस्त झालेला नाही. जरा पुढे बसा.